पहिल्याच दाबात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीच्या ब्रेकमध्ये हवा शिरली की काय होते, हे मी तीस वर्षे मुलांना शिकवले. त्यातली काही वर्षे नांदेडला, बाकीची लातूरला. फळ्यावर खडूने मास्टर सिलिंडर काढायचा, चार चाकांकडे जाणाऱ्या नळ्या काढायच्या आणि विचारायचे, "पॅडल स्पंजासारखे मऊ लागते. कारण सांगा." सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "हवा, सर!" उत्तर बरोबर असे आणि मी पुढच्या धड्याकडे वळे. पण ही हवा नेमकी कुठे दडून बसते आणि काढू काढू म्हटले तरी का निघत नाही, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. तेही स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाडीने शिकवले तेव्हा.

घरी गाडी बांधणे हा वेडेपणा वाटेल, पण तो जुना वेडेपणा आहे. इंग्लंडात १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने सेव्हन नावाची छोटी गाडी काढली. ती सुट्या भागांच्या स्वरूपातही मिळे. भाग घरी न्यायचे आणि आपणच जोडायचे. असे केल्याने तिथला खरेदीकर वाचत असे. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने याच धाटणीची दोन आसनी गाडी बनवली होती. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तर तुम्हाला आठवतच असतील. त्यांनी भंगारातून छोटी जीप बनवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण देशभर पाहिले गेले. ही गाडी नियमांत बसत नाही, हे आनंद महिंद्रा यांनी तेव्हाच स्पष्ट म्हटले होते. तरी त्या कल्पकतेची कदर करून त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात लोहार यांना नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती दिलीही.

मला बोलेरो नको होती. मला फक्त पाहायचे होते की, जे आयुष्यभर शिकवले ते आपल्याला करता येते का. लातूरच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे चौकोनी पाइपांची चौकट जोडली. जुन्या मारुती ८०० चे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळवले. पुढचे डिस्क ब्रेक, मागचे ड्रम आणि मास्टर सिलिंडर हे नांदेडला राहणाऱ्या जावईबापूंनी तिथल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून शोधून दिले. दोन वर्षे हा उद्योग चालला.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. गाडीच्या नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी लागते, नोंदणी लागते. पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. माझी गाडी चाकूरजवळ थोरल्या भावाच्या शेतात फिरणार होती. शेताच्या बांधाबाहेर तिने चाक टाकायचे नाही, हे ठरलेले होते. पण शेतातही माणसे असतात, जनावरे असतात, विहीर असते. ब्रेक तिथेही लागतोच.

आता हा ब्रेक चालतो कसा ते थोडक्यात पाहू. आपण पॅडल दाबतो, तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. ऑइल द्रव आहे, ते दाबाने आकसत नाही. म्हणून पायाचा दाब जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. बंदिस्त द्रवात दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. त्या नियमावर साऱ्या जगाच्या मोटारी थांबतात.

पण या नळ्यांत ऑइल किती हलते, याचा हिशेब कुणी करत नाही. माझ्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १९ मिलिमीटर व्यासाचा. तो २५ मिलिमीटर सरकला, तर जेमतेम सात घन सेंटिमीटर ऑइल ढकलले जाते. सात घन सेंटिमीटर म्हणजे चहाचे दीड चमचे! एवढ्या ऑइलवर गाडी थांबवायची. आता यात तीन-चार घन सेंटिमीटर हवा असेल, तर काय होईल? हवा आकसते. तुमच्या पायाने ढकललेले निम्मे ऑइल ती हवा दाबण्यातच खर्च होते आणि चाकापर्यंत उरतो तो नुसता देखावा.

शेतकरी श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. विहिरीवरची मोटार चालू आहे, पंखा फिरतो आहे, पण पाइपातून पाणी येत नाही. आपण काय म्हणतो? मोटारीने हवा धरली. मग पंपात वरून पाणी भरायचे, हवा बाहेर काढायची, तेव्हा कुठे धार लागते. ब्रेकचेही तसेच. फरक एवढाच की, पंपाने हवा धरली तर पीक वाळते आणि ब्रेकने हवा धरली तर माणूस जातो.

ही हवा काढायची रीत सोपी आहे. प्रत्येक चाकाच्या ब्रेकला एक लहान पोकळ स्क्रू असतो. त्याला निपल म्हणतात. त्यावर पारदर्शक नळी बसवायची आणि नळीचे दुसरे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवायचे. एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल थोडा सैल करायचा. ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल आवळायचा आणि मगच पॅडल सोडायचे. हा क्रम चुकला, तर बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते. कंपनीच्या गाडीला चाकांचा क्रम कंपनी सांगेल तसा घ्यावा. तशी सूचना नसेल, तर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यायचे. वरच्या डबीतले ऑइल मध्येच संपू द्यायचे नाही, नाहीतर केलेले सगळे पाण्यात. आणि बाटलीत निघालेले ऑइल पुन्हा डबीत ओतायचे नाही. ते फेकून द्यायच्याच लायकीचे असते.

काम दोघांचे आहे. माझ्याकडे दुसरे माणूस म्हणजे आमची मंडळी. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काम केलेली बाई. मी गाडीखाली आडवा आणि ती वर आसनावर बसून पॅडलवर पाय ठेवून. मी खालून ओरडे, "दाब!" ती म्हणे, "दाबलं." मी, "धर!" ती, "धरलंय, लवकर करा, पाय दुखतोय." मी निपल आवळून म्हणे, "सोड." शेजारच्यांना वाटे, यांचे काहीतरी बिनसले आहे.

पहिल्या दिवशी पुष्कळ बुडबुडे निघाले. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी चारही चाकांतून स्वच्छ ऑइल आले, एकही बुडबुडा नाही. पॅडल मात्र मऊच. एकदा दाबले की जवळजवळ तळाला जाई. लगेच दोनदा-तीनदा पंप मारला की वर येई आणि टणक लागे. मी ऑइलचा एक अख्खा डबा संपवला, दुसरा आणला. शेवटी कंटाळलो आणि मनाशी म्हटले, पंप मारल्यावर तर धरतोय. शेतातच फिरवायची आहे. चालेल.

"चालेल" हा आपल्याकडचा फार लाडका शब्द आहे. मी तीस वर्षे मुलांच्या तोंडून तो ऐकला की रागावत असे.

गाडी टेम्पोत घालून शेतावर नेली. दिवाळीच्या सुट्टीसाठी नांदेडहून लेक आणि नातू आले होते. नातू आठ वर्षांचा. पहिल्या फेरीला तोच बसणार, असा त्याचा हट्ट. मंडळींनी त्याचा दंड धरला आणि मला म्हणाली, "अहो, आधी तुम्ही एकटे जाऊन या." नातवाने रडून गोंधळ घातला. मी एकटा निघालो.

सपाटीवर दोनदा ब्रेक लावून पाहिला. पंप मारून लावला, धरला. मग गाडी उताराला लागली. तो उतार खळ्यावरून विहिरीकडे जातो. वेग फार नव्हता, असेल ताशी वीस किलोमीटर. मध्ये अर्धा-पाऊण मिनिट पॅडलला पाय लावला नव्हता. कडब्याची गंजी जवळ आली तेव्हा दाबला, तर पॅडल सरळ खाली गेले. मागची चाके किंचित धरल्यासारखी झाली, एवढेच. पुन्हा दाबायला पाय उचलेपर्यंत गाडी पाच-सहा हात पुढे गेलेली. हाताने हँडब्रेक ओढला आणि गाडी कडब्याच्या गंजीत नाक खुपसून थांबली. मला काही लागले नाही. गंजीच्या मागे पंधरा-वीस हातांवर बिनकठड्याची विहीर होती.

भाऊ धावत आला. त्याने गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "अरं, काही लागलं तर नाही ना? आन् एवढा मास्तर तू, तुझ्याच गाडीनं हवा धरली व्हय!" सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप आली नाही. डोळे मिटले की शेजारच्या आसनावर नातू बसलेला दिसे.

पंप मारल्यावर पॅडल टणक होते, याचा अर्थ ब्रेक चांगला आहे, असा नव्हे. भरभर दाबले की प्रत्येक वेळी डबीतून थोडे जास्तीचे ऑइल आत येते आणि हवा दाबली जाते. म्हणून पॅडल वर येते. पाय काढून थोडा वेळ गेला की सारे पुन्हा मूळपदावर. आणि प्रसंग येतो तेव्हा पंप मारायला कुणी सवड देत नाही. ब्रेकची परीक्षा पहिल्याच दाबात असते. दुसरा दाब हा नशिबाचा.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा शेडमध्ये आली आणि मी विद्यार्थी झालो. मुलांना शिकवत होतो तसेच स्वतःला प्रश्न विचारले. पंप मारल्यावर पॅडल वर येते का? येते. मग एक तर आत हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले शू फार सैल आहेत. शू आणि ड्रम यांत अंतर जास्त असले, तर ते अंतर भरण्यातच पॅडलची चाल संपते. ते लावून घेतले. पॅडल थोडे वर आले, मऊपणा तसाच. मग चाकांकडच्या रबरी नळ्या गुळगुळीत चिमट्याने हळूच दाबून बंद केल्या. त्यासाठी वेगळा चिमटा मिळतो. साध्या पक्कडने नळी चिरडते. सगळ्या नळ्या बंद असताना पॅडल उंच आणि टणक झाले. म्हणजे मऊपणा चाकांकडचा. मग एकेक नळी मोकळी करत गेलो. मागची सोडली, पॅडल तसेच. पुढची डावी सोडली, पॅडल खाली. डावी बंद करून उजवी सोडली, पॅडल पुन्हा खाली. म्हणजे हवा पुढच्या दोन्ही कॅलिपरमध्ये होती. पण तिथूनच तर मी सगळ्यांत जास्त ऑइल काढले होते आणि बुडबुडा एकही नव्हता!

मंडळी चहा घेऊन आली होती. चाकाजवळ उकिडवी बसून तिने विचारले, "हवा वर असते ना?"

"हो, हलकी असते, वरच जाते."

"मग तुमची ही तोटी खाली का?"

मी पाहिले. निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला होता. दुसऱ्या चाकाकडे गेलो, तिथेही खालीच. डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला होता. बोल्ट बरोबर बसले, नळीही बरोबर बसली, म्हणून शंकाच आली नाही. ते बसवले होते मीच. निपल खाली असल्याने तळातले ऑइल तेवढे बाहेर येई, अगदी स्वच्छ, आणि हवा वरच्या पोकळीत सुखाने बसून राही. मी तीन दिवस बुडबुडे थांबण्याची वाट पाहिली. ते पहिल्यापासून तिकडून येणारच नव्हते. ती म्हणाली, "सलाइन लावताना आम्ही आधी नळीतली हवा काढतो. बुडबुडा कुठे आहे ते डोळ्यांनी बघतो, मगच सुई लावतो. तुम्ही बघितलंच नाही."

दोन्ही कॅलिपर काढून आपापल्या जागी बसवले. निपल वर आले. पहिल्याच दाबाला नळीतून असे बुडबुडे निघाले की, सोड्याची बाटली फोडल्यासारखे वाटले. अर्ध्या तासात पॅडल वर आले.

इथे गोष्ट संपली असती, तर बरे झाले असते. पण एकदा हात पोळला की माणूस ताकही फुंकून पितो. मी पॅडल जोरात दाबून मिनिटभर धरून ठेवले. ते हळूहळू खाली सरकू लागले. याचा अर्थ वेगळा. मऊ पॅडल म्हणजे हवा, पण टणक असूनही पायाखाली सावकाश खचणारे पॅडल म्हणजे ऑइल कुठेतरी पळते आहे. चारही चाके, सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून पाहिले. बाहेर कुठेच गळती नाही. मग गळती आतली. मास्टर सिलिंडरमधला रबरी वायसर दाब अडवत नव्हता, ऑइल त्याच्या कडेने मागे येत होते. हवा काढताना मी ते पॅडल शंभर वेळा तळापर्यंत दाबले होते. जुन्या सिलिंडरचा पुढचा भाग एरवी वापरात नसतो, तिथे गंज आणि मळ साचतो. वायसर त्यावरून घासला की त्याच्या कडा कापल्या जातात. म्हणून जुन्या सिलिंडरची हवा काढताना पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा, म्हणजे ते पूर्ण खाली जात नाही. हे मी वर्गात सांगत असे. स्वतःच्या शेडमध्ये विसरलो.

जुना सिलिंडर दुरुस्त करत बसलो नाही. नवा घेतला. ब्रेकमध्ये काटकसर करायची नाही, एवढे शहाणपण कडब्याच्या गंजीने दिले होते. नवा सिलिंडर आधी टेबलावरच शिकंज्यात आडवा धरून, ऑइल भरून, त्याची हवा काढली आणि मगच गाडीवर चढवला. पॅडलची काडी दट्ट्याला टेकते तिथे किंचित मोकळी जागा ठेवली. ती जागा नसेल, तर सिलिंडरचे परतीचे छिद्र झाकलेले राहते आणि ब्रेक चिकटून चाके तापतात.

देशभरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाहा नावाच्या स्पर्धेसाठी स्वतः गाड्या बांधतात. आपल्या देशात ती २००७ पासून होते. तिथे गाडी कितीही देखणी असो, ब्रेक दाबल्यावर चारही चाके जाम होऊन गाडी थांबली नाही, तर तिला पुढे शर्यतीत उतरता येत नाही. आधी थांबून दाखवा, मग पळा. मला हा नियम फार आवडतो. मी तो उलटा पाळला होता.

तुमच्यापैकी फार थोडे जण घरी गाडी बांधतील. पण ब्रेक तुमच्या प्रत्येकाच्या गाडीला आहे. म्हणून दोन गोष्टी सांगतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ताजे डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरली की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. मे महिन्यात लातूरहून अहमदपूर, लोह्यामार्गे नांदेडला भरलेली गाडी घेऊन चाललात आणि सतत ब्रेक लावलात, तर त्या ऑइलची वाफ होऊ शकते. वाफही हवेसारखीच आकसते. सकाळी चांगला असलेला ब्रेक दुपारी असा दगा देतो. म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीत ऑइल बदला. मुदत बहुधा दोन वर्षांची असते. डबा उघडा पडलेला असेल, तर वापरू नका. आणि ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल कधी, अगदी अडचणीतही, घालू नका. सगळे रबर फुगून बसते.

दुसरी गोष्ट. रोज गाडी काढण्याआधी इंजिन सुरू करून पॅडल एकदा दाबून पाहा. एकदाच. रोजच्यापेक्षा खाली गेले, मऊ लागले किंवा पायाखाली खचले, तर पंप मारून मनाची समजूत घालू नका. गाडी तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला बोलवा.

माझी गाडी आता शेतात फिरते. पुढच्या सुट्टीत नातू आला, तेव्हा मंडळींनी आधी स्वतः पॅडल दाबून पाहिले, मिनिटभर धरून पाहिले आणि मगच त्याला बसू दिले. मी तीस वर्षे परीक्षा घेतल्या, पण एवढी कडक परीक्षा मी कधी घेतली नव्हती.